सुईणपट्टीचा गुरुवार

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या द्राक्षांची साखर कमी व्हायला लागली.

माणसाची साखर कमी झाली तर जिभेवर खडीसाखर ठेवता येते. द्राक्षाची कमी झाली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. खरं म्हणजे द्राक्षातलं काहीच मला कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. थोडं मोबाइलवरच्या व्हिडिओतून, थोडं दिंडोरीच्या श्रीरंगभाऊंना फोन करकरून, आणि बरंचसं चुका करून. आमच्या वसईकडच्या गास गावात केळी येतात, पानवेल येते, मोगरा येतो. वाइनची द्राक्षं कुणी लावत नाही. का लावत नाही ते मला पहिल्या दोन पावसाळ्यांत कळलं. निम्मे वेल बुरशीने गेले. ते बदलून, पुन्हा लावून आता बारा ओळी उभ्या आहेत, तारांवर चढवलेल्या. पाच वर्षं झाली.

हे खूळ डोक्यात शिरलं ते भाचीच्या लग्नात. टेबलावर रेड वाइनची बाटली होती. मला लेबलं वाचायची सवय आहे, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मी शेवटपर्यंत वाचते. मागच्या बाजूला लिहिलं होतं की ही वाइन एकाच मळ्यातल्या द्राक्षांची आहे, दुसऱ्या कुणाची त्यात मिसळलेली नाहीत. खाली मळ्याचं नाव. त्याखाली पिकवणाऱ्याचं, श्रीरंग आणि आडनाव. मी ती बाटली पर्समध्ये घालून घरी आणली. रिकामी.

आमची केळी ट्रकात चढली की सगळ्यांच्या केळ्यांत जातात. फुलं दादरला एका ढिगात पडतात. आजपर्यंत कुणी विचारलं नाही, हा मोगरा कुठल्या वाडीतला. आणि वाड्यांना तर नावं आहेत! माझ्या तुकड्याचं नाव सुईणपट्टी. माझ्या सासूच्या आजीने अर्ध्या गावाची बाळंतपणं केली, म्हणून तो तिला मिळाला. सातबाऱ्यावर फक्त नंबर आहे. पश्चिमेला तोंड केलं तर माड दिसतात, पूर्वेला वळलं तर टॉवर. सुईणपट्टी म्हणणारी माणसं आता माझ्या हिशेबाने अकरा उरली आहेत. ते नाव एकदा एका बाटलीवर यावं, एवढीच माझी हाव होती. मी लेबलावरच्या श्रीरंगभाऊंना शोधून काढलं, फोन केला, आणि म्हटलं, "मी वसईची रेजिना, मला रोपं द्या." ते इतके हसले की फोन कट झाला. मग त्यांनीच परत लावला.

यंदा ती हाव हाताशी आली होती. दिंडोरीजवळच्या एका वायनरीत उन्नती नावाची मुलगी द्राक्षं निवडायचं काम करते. आईवडील बोळिंजच्या कॉम्प्लेक्समध्ये राहतात म्हणून शनिवार-रविवारी इकडे येते. तिने जानेवारीत मणी चाखून सांगितलं होतं, "मावशी, साखर तेवीसवर गेली तर तुमच्या मालासाठी वेगळं लाकडी पिंप. बाटलीवर तुमच्या मळ्याचं नाव. नाही गेली तर सगळ्यांच्या टाकीत. चौदा मार्चला आमची शेवटची गाडी."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी साहेब एवढ्या लांबून दोन टन उचलणार नाहीत. याच वर्षी मी भांडून घेतलंय."

श्रीरंगभाऊंनी फोनवर बजावलं. "ताई, आता पाणी तोडा. वेल तहानला की साखर मण्यात ओढतो. पानं वळली तरी हात आखडून बसायचं. दया केली की संपलं."

पाच फेब्रुवारीला मी पाणी तोडलं. बारा तारखेला दुर्बीण लावली. ती दुर्बीण म्हणजे एक नळी. टोकाला रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायची, आत साखरेचा आकडा दिसतो. वीस. छान. आठ दिवसांनी, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पुन्हा लावली. साडेएकोणीस. पुसून लावली. साडेएकोणीस. शनिवारी एकोणीस.

पानंही वळेनात. टवटवीत, जणू जावयाकडे पाहुणचाराला आली आहेत.

त्यानंतर मी घरात एका जागी बसले नाही. भात उतू गेला. दोन वेळा गॅस चालू ठेवून वाडीत गेले. दुर्बीण बिघडली म्हणून साखरेचं पाणी करून तपासली, दुर्बीण ठणठणीत. मग वाटलं उधाणाचं पाणी खालून वर येतंय, म्हणून माती चाखली. खारट नव्हती. मग टॉवरवाल्यांची पाइपलाइन फुटली असेल म्हणून कुंपणाच्या कडेने कान लावत फिरले. अँथनी व्हरांड्यातून सगळं बघत होता.

अँथनी माझा नवरा. नोव्हेंबरात त्याला झटका आला, उजवा हात अजून ऐकत नाही. जीभ मात्र परत आली, ती आधीपेक्षा बरी आली.

"जमिनीला कान लावून काय ऐकते? शेजारच्यांचं भांडन?"

"तू पाणी घातलंस का?" मी सरळ विचारलं. तो जन्माचा वाडीतला माणूस. सुकलेलं पान बघितलं की त्याचा जीव वरखाली होतो.

त्याने उजवा हात डाव्या हाताने उचलून मला दाखवला. "हा चमचा धरीत नाय. बादली धरेल?"

"डावा आहे ना."

"डाव्याने मी चहा पितो. तेवढाच त्याला टाइम हाय."

मी त्याच्या चपलासुद्धा उलट्या करून बघितल्या. वाळू नव्हती. आपल्या आजारी नवऱ्याच्या चपला तपासणारी बाई, हे मी स्वतःला लांबून बघितलं आणि मला लाज वाटली. पण मग दुसरी जोडीही तपासली.

आमच्याकडे पाण्याचा वार असतो. सात घरांमध्ये मिळून एक बावखल, म्हणजे वाडीतलं जुनं तळं. पंप सकाळी सुटतो, पाणी पाटाने फिरतं, आणि ज्याचा वार त्याने आपल्या पाटाच्या तोंडाची माती फोडून ते आत घ्यायचं. आमचा गुरुवार. आणि गुरुवारीच सकाळी साडेसहाला अल्पेश रिक्षा घेऊन येतो, मी अँथनीला बोळिंजला हाताच्या व्यायामाला नेते, यायला अकरा वाजतात. जमीन आमची रेताड. सातला सोडलेलं पाणी अकराला शोधून सापडत नाही.

पाण्याचा आणि व्यायामाचा, हे दोन गुरुवार मी एकत्र ठेवून बघितले तेव्हा रविवारच्या मिस्सात होते. प्रवचनातलं पुढचं काही मला आठवत नाही.

सव्वीस तारखेच्या गुरुवारी मी अल्पेशला म्हटलं, "आज तू एकटाच ने रे त्यांना. माझं डोकं दुखतंय."

"आंटी, टेन्शन नको. अंकल और मैं सेट आहोत," अल्पेश म्हणाला.

अँथनी रिक्षात बसताना माझ्याकडे बघून म्हणाला, "चोर पकडलास तर मारू नको. आधी चहा पाज."

मी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन पाचव्या ओळीत, पक्ष्यांसाठी लावलेल्या जाळीच्या आड बसले. उजाडत होतं. पंपाचा आवाज सुरू झाला. आणि बांधावरून मॅक्सीवर टॉवेल टाकून, खांद्यावर फावडं घेऊन कॅथरीनबाय आली.

कॅथरीनबाय माझी थोरली जाऊ. तिची केळीची वाडी सुईणपट्टीला लागून, वरच्या अंगाला. तीन वर्षं आमच्यात बोलणं नाही, आणि त्यात चूक माझी आहे. आमच्या दोघींच्या सासूने, हेलनने, सुईणपट्टीच्या कडेला सोनचाफा लावला होता. त्याची फुलं कॅथरीनबाय दर शनिवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वेदीसाठी न्यायची. त्याची सावली माझ्या वेलींवर पडायची. श्रीरंगभाऊ म्हणाले, सावलीत द्राक्षं पिकत नाहीत. मी झाड तोडलं. तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती. ती पालघरला लेकीकडे गेली होती तेव्हा तोडलं. आल्यावर तिने बुंध्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घरात गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या आणि मिटलं असतं.

तिने माझ्या पाटाचं तोंड फोडलं. पाणी सुर्रकन आत आलं, पहिल्या ओळीला, दुसरीला. ती फावड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली आणि माझ्या वेलींना म्हणाली, "प्या मेल्यांनो. चाफा खाल्लात, आता पानी प्या. ती बाई तुमच्याकडे बघत नाय, तिला नवऱ्याचं बघायचं हाय बिचारीला."

मी ताडकन उठले. स्टूल पडलं.

"कोन हाय?" तिने फावडं उगारलं.

"मी आहे. कॅथरीनबाय, पाणी बंद कर."

तीन वर्षांनंतर तिच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे.

ती दचकली, मग सावरली, आणि मग रागावली. "तुझ्यासाठी नाय करत मी. अँथनीसाठी. त्याचा हात गेलाय. तुमचा गुरुवार दोनदा सुका गेला. मी वाट बघितली, म्हटलं येईल. नाय आली. आजारी घराचा वार कोनी सुका जाऊ देते काय? आईने आपल्याला हेच शिकवलं ना?"

शिकवलं होतं. मला बाविसाव्या वर्षी, लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा. ज्याच्या घरी आजार, मयत किंवा बाळंतीण, त्याचा वार शेजाऱ्याने भरायचा, आणि सांगत सुटायचं नाही. माझ्या लेकीच्या, रोवेनाच्या वेळी मी बाळंतीण होते तेव्हा सहा गुरुवार हीच बाई तुडुंब भरून गेली होती. हे मला माहीत होतं आणि तरी मी पाणी तोडलं तेव्हा शेजारी कुणाला सांगायचं सुचलं नाही. सांगणार कुणाला? पहिलं घर तिचंच.

पाणी तिसऱ्या ओळीत शिरत होतं. मी तिच्या हातातलं फावडं घेतलं, तोंडावर माती ओढली आणि पायाने दाबली.

"मी मुद्दाम तोडलंय पाणी," मी म्हटलं.

"मुद्दाम?"

"तहानली की साखर भरते."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी पोरांनाच उपाशी ठेवते. "उपासात पन पानी चालते ग. फादर सुद्धा नाय म्हनत नाय पान्याला." मग जरा थांबून, "म्हंजे मी घातलं ते..."

"हो."

"किती नुसकान झालं?"

मी तिला दुर्बीण दिली. मणी पिळला. तिने डोळा लावला, आधी चुकीच्या टोकाला, मग बरोबर. "अठरा नि काय तरी."

"तेवीस पाहिजेत. चौदा मार्चपर्यंत. तर बाटलीवर सुईणपट्टीचं नाव येईल. नाही तर नाशिकच्या सगळ्यांच्यात जाईल."

ती नळीतून बघतच राहिली. आत बघण्यासारखं एवढं काही नसतं. "आईच्या आजीचं नाव हाय ते," ती म्हणाली, दुर्बीण न काढता. "ते पन तू मला विचारलं नाय."

ती फावडं घेऊन गेली. चहा राहिला.

सोळा दिवस होते. मी रात्री मोजायचे, सकाळी मोजायचे, अँथनीचा व्यायामाचा चेंडू हातात घेऊन मीच दाबत बसायचे. एक मार्चला आकडा एकोणीस, दोनला एकोणीस. मग लक्षात आलं, आमचा वार बंद झाला तरी कॅथरीनबायचा मंगळवार आहे. तिची जमीन वर, माझी खाली, मधे वाळू. तिच्या केळ्यांना पाजलेलं पाणी झिरपत माझ्या पहिल्या चार ओळींना येणारच. हे तिला सांगायचं म्हणजे तुझी केळी वाळव म्हणायचं. आधी चाफा, आता केळी. अँथनी म्हणाला, "मी सांगू? मी भाऊ हाय तिच्या नवऱ्याचा, आनि आजारी पन. मला नाय म्हनायची नाय." मी त्याला गप्प केलं. एवढं निलाजरं मला होता आलं नाही.

तीन मार्च, मंगळवार. सकाळी पंप सुरू झाला आणि बांधावर गलका ऐकू आला. मी धावले.

कॅथरीनबायने स्वतःच्या पाटाच्या तोंडावर व्हरांड्यातली लाकडी खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर ती बसली होती, मांडीवर रोझरी. पाणी तिच्या पायाशी येऊन पुढच्या घराकडे वळत होतं. समोर फावडं घेऊन जेसन, वरच्या वाडीतला, गोंधळलेला.

"काकी, तुझा वार सुका चाललाय. बरं नाय काय? मी फोडतो ना तोंड, तू कशाला बसली उन्हात?"

"मी ठनठनीत हाय. जा."

"मग काका?"

"काका घोरतोय."

"मग वारलं कोन?"

"तू वारशील आता, नाय गेला तर! कोन आजारी नाय, कोन मेलं नाय, कोन बाळंत नाय. माझी केळी डायटिंगवर हायत. जा घरी."

जेसन गेला तशी जेनिफर आली, त्याची आई, हातात पेजेचा डबा. आजार ऐकून आणला होता. तो ठेवून घेतला गेला. त्या सकाळी एकूण चार जण आले. चौघेही मदतीला. कॅथरीनबाय दहा वाजेपर्यंत खुर्चीवरून हलली नाही, कारण उठली असती तर कुणीतरी मायेने तिचं तोंड फोडलंच असतं.

मी चहा घेऊन गेले. तिने घेतला. साखर कमी आहे म्हणाली. म्हटलं, सध्या सगळीकडे तेच चाललंय. ती हसली नाही, पण कप मात्र पुन्हा पुढे केला.

"किती घड वाया जातील तुझे?" मी विचारलं.

"दोन-चार बारीक राहतील. केळी हाय, रडते आनि जगते. तू तुझं बघ."

दहा तारखेच्या मंगळवारीही खुर्ची होती. या वेळी कुणी आलं नाही, कारण गावभर झालं होतं की अँथनीची बायको आणि तिची जाऊ मिळून झाडांना उपास घडवतायत. पानं वळली. खालची पिवळी पडली. अँथनी व्हरांड्यात पाठ करून बसू लागला. त्याला बघवेना. मी रोज सकाळी दुर्बीण लावायचे आणि ओळींच्या कडेच्या खांबांवर खडूने आकडे लिहायचे. वीस. साडेवीस. खालच्या ओळींना बावीस. वरच्या चार एकवीसवर अडून बसल्या.

चौदाला उन्नती पहाटेच टेंपो घेऊन आली. तिने दुर्बीण एकदाच लावली, बाराव्या ओळीत. पावणेतेवीस. मग तिने दुर्बीण खिशात टाकली आणि मणी खात ओळीओळीतून चालायला लागली. बिया दाताखाली फोडायची, थुंकायची, काही बोलायची नाही. मी मागे. कॅथरीनबाय बांधावर, खुर्चीसकट.

"ही पोरगी नुसती खात सुटलीय," ती मला म्हणाली. "पिंपात काय घालनार?"

पहिल्या ओळीपर्यंत येऊन उन्नती थांबली. "मावशी, खालच्या आठ ओळी मी वेगळ्या घेते. पाव कमी आहे, पण बिया भाजल्यासारख्या झाल्यात, चव आहे. साहेबांशी मी बोलते. या वरच्या चार नाही. या पाणचट आहेत. या मोठ्या टाकीत."

"चार का पानचट, ते मला माहीत हाय," कॅथरीनबाय म्हणाली. "आमच्याच मायेने झाल्यात."

उन्नतीला ते कळलं नाही. तिने फॉर्म काढला. "प्लॉटचं नाव?"

"सुईणपट्टी."

तिने पेन थांबवलं. "म्हणजे, सुईण... डिलिव्हरीवाली? मावशी, मार्केटिंगवाले ओरडतील. काहीतरी सी ब्रीझ वगैरे..."

"लिही," खुर्चीवरून आवाज आला. "मोठ्या अक्षरात लिही. मी चश्मा नाय आनला."

उन्नतीने लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं, प्रत्येक अक्षर, खालच्या बारीक अटींसकट. अटींमध्ये होतं की वर्षभर पिंपात ठेवून चव उतरली नाही, तर माल मिसळण्याचा अधिकार वायनरीकडे राहील. म्हणजे अजून वर्षभर मला झोप नाही. घड तोडून टेंपो भरून गेला तेव्हा श्रीरंगभाऊंना फोन केला, तर म्हणाले, "ताई, माझं तिसऱ्या वर्षी लेबल लागलं. तोवर मी बायकोशीही धड बोललो नाही. आता वेलींना पाणी द्या, पोटभर."

पुढच्या गुरुवारी मी अँथनीला घेऊन बोळिंजहून अकराला परत आले. त्या दिवशी त्याने उजव्या हाताने चेंडू धरला होता, तीन सेकंद. ते कॅथरीनबायला सांगायला मी सरळ वाडीतून गेले. सुईणपट्टी तुडुंब भरलेली असणार हे मला माहीतच होतं. इतकं पाणी पाजलं होतं की अकरालाही रेतीवर अजून ओल दिसत होती. आणि बांधाजवळ, जुन्या बुंध्याच्या शेजारी, सोनचाफ्याचं हातभर कलम उभं होतं. आळं केलेलं, काठीला जुन्या टॉवेलच्या चिंधीने बांधलेलं.

मला विचारलं नव्हतं.

मी सावली कुठे पडेल ते पावलांनी मोजलं. पाच-सात वर्षांनी, दुपारी दोननंतर, पहिल्या चार ओळींवर. पुन्हा मोजलं. चारच. पाचवी सुटत होती.

पलीकडून केळीतून आवाज आला, "अँथनीचा हात कसा हाय?"

"चेंडू धरला," मी म्हटलं, आणि कलमाची काठी जरा वाकडी होती ती सरळ केली.